बाहेरच्या देशाचा मोजा

मी एक मोजा बोलतोय. हसायचं असेल तर हसून घ्या, पण एका सरकारला माझी भीती वाटते.

बेलारूसमधल्या ग्रोदना शहरात स्तेफाबाईंनी मला विणलं. पांढरा पाय, मधे लाल पट्टा. त्यांच्या गावाकडे मोजे असेच विणतात, हात आपोआप तसे चालतात. त्यांचा मुलगा विन्त्सुक तुरुंगात होता, निवडणुकीत घोळ झाला म्हणून चौकात उभा राहिल्याबद्दल. सुटून आलेल्या एकाने सांगितलं, की थंडीने त्याच्या पायाची बोटं काळी पडताहेत. बाईंच्या डोळ्यांपुढे फक्त ती बोटं होती. पांढरा-लाल-पांढरा म्हणजे सरकारने बंदी घातलेला विरोधकांचा झेंडा, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

बाई पुडकं घेऊन तुरुंगावर गेल्या. तिथल्या खिडकीतून लसूण आत गेला, खारवलेली चरबी गेली. आम्ही मोजे अडकलो.

"म्हातारे, हा झेंडा कुणासाठी?" शिपायाने विचारलं.

"पायासाठी. तुमच्यात झेंडे पायात घालतात का?"

त्याने माझ्या जोडीदाराला सुरीने उभा चिरला आणि मला बाईंच्या अंगावर फेकलं. तेव्हापासून मी एकटा आहे आणि रागावलेला आहे.

शेजारीण रहीना म्हणाली, "अगं, युरोपाचं एवढं मोठं मानवी हक्कांचं न्यायालय आहे. तिकडे जा की."

वकिलाने मान हलवली. "मावशी, ते न्यायालय ज्या देशांच्या संघटनेचं आहे, तिच्यात आपला देश नाही. आपली तक्रार ते ऐकणार नाहीत."

"म्हणजे सरकारने सही केली नाही, म्हणून माझ्या पोराला हक्क नाहीत?"

वकिलाने तक्रारीचा कागद परत दिला. जो छळतो त्याने आधी सही करायची, मग छळलेल्याला दाद मिळायची! मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

पुढे त्याच संघटनेपुढे ठराव आला, की बाहेरच्या देशांतल्या माणसांनाही संरक्षण द्यावं. स्तेफाबाईंना बोलायला बोलावलं.

"गेलीस तर देशात परत घेणार नाहीत तुला," रहीना म्हणाली. "आणि ते सूटवाले तुझा मोजा बघून कॉफी प्यायला जातील."

"जाऊ देत. पण बघून जाऊ देत."

बाई बोलल्या. एकदोघांनी डोळे पुसले, आणि खरंच सगळे कॉफीला गेले. मग मतदान आलं. ठरावाच्या बाजूचे हात सावकाश वर जाऊ लागले. बरेच जण कागद चाळत राहिले. मागे पाहुण्यांच्या रांगेत बाईंनी मला हातात चढवलं आणि हात उंच केला.

कारकून धावत आला. "बाई, हात खाली घ्या. तुम्हाला मत नाही."

"माहीत आहे," स्तेफाबाई म्हणाल्या. "म्हणून तर वर केलाय."

मोजणी चालू आहे. मी अजून वरच आहे. मला काचेच्या कपाटात ठेवून हळहळू नका. मला विन्त्सुकच्या पायात जायचंय, त्याची बोटं शाबूत आहेत तोवर.