न मागितलेली हजेरी

मेंढपाळांचा तळ एखाद्या शिवारात पडला की कर्त्या पुरुषाने प्रथम गावच्या पोलीस पाटलापुढे उभे राहावे, आपण कोण, कुठले, हे सांगावे आणि मगच चुलीचे दगड मांडावेत, असा त्या मुलखाचा रिवाज होता. तो कोणत्या कायद्यात लिहिलेला आहे, हे कोणालाच सांगता आले नसते. निजामाच्या अमलात तो पाळला गेला. पोलीस अ‍ॅक्शननंतर ती राजवट गेली, तरीही पाळला गेला. गावात चोरी झाली की पहिला संशय आपल्यावर येतो, एवढाच त्यामागचा विचार. आणि तो, दुर्दैवाने, खोटा नव्हता.

आणीबाणीच्या दुसऱ्या वर्षी, थंडीच्या तोंडाशी, भिकन नावाच्या तरण्या मेंढपाळाने करमाडच्या पलीकडे काकासाहेबांच्या बाजरी निघालेल्या वावरात मेंढ्या बसवल्या. खताच्या बदल्यात धान्य मिळणार होते आणि माघात त्याच्या लग्नाची पंगत त्यावर उठणार होती. काकासाहेब त्या गावचे पोलीस पाटीलही होते. भिकन पटका बांधून निघाला, तेव्हा त्याची आई सारजाबाई आडवी आली.

"आज जाऊ नको, भिकन्या. ह्या गावात सकाळधरनं एक बाप्या दिसंना. सगळ्या बायाच."

"हजेरी नाय दिली तर चोर म्हनतील, आये."

"म्हनू दे. चोरांची बी लग्नं व्हत्यात."

तो हसला आणि निघाला. ती मागोमाग गेली.

चावडीपुढे जीप उभी होती. आत खुर्चीवर तालुक्याचे साहेब होते. काकासाहेब, स्वतः बडे जमीनदार असूनही, त्यांच्यापुढे उभे होते. नसबंदीच्या शिबिराला गावातून एकही पुरुष मिळाला नव्हता. सारे पहाटेच तुरीच्या रानात पांगले होते.

"हा कोण?" साहेबांनी विचारले.

"आपल्या पायानं आलाय, साहेब," काकासाहेब म्हणाले. त्यांच्या स्वरातली सुटका भिकनला स्वागतासारखी वाटली.

काय करायचे आहे ते समजल्यावर भिकनने हात जोडले. "माजं लगीन व्हायचंय, साहेब. माघात."

"सक्ती कोणावरच नाही," साहेब सौम्यपणे म्हणाले. "दार उघडं आहे. स्वतंत्र देशाचा नागरिक आहेस तू."

"जा की," काकासाहेब म्हणाले. "फक्त मेंढरं वावरातून काढ. गायरानात दिसली तर कोंडवाड्यात जातील. अन् म्होरल्या गावी हजेरी द्यायला जाशीलच ना? तिथल्या पाटलाला माझा निरोप आधी पोचलेला असंल."

स्वातंत्र्य म्हणजे उघडे दार, अशी व्याख्या करणाऱ्यांनी दाराबाहेरची जमीन कोणाची, हेही सांगावयास हवे. साहेबांनी ते सांगितले नाही. तशी त्यांना गरजही नव्हती.

सारजाबाई उंबऱ्याशी उभी होती. "मग दार उघडं कशापायी ठेवलं, पाटील? लावून घ्या की. आमाला निदान म्हनता यील, कोंडलं व्हतं म्हनून."

"म्हातारे, गप ऱ्हा," काकासाहेब पुटपुटले. पण त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही.

भिकन बाहेर आला. कोणी त्याचा हात धरला नाही. समोर औरंगाबादेकडे जाणारी सडक होती, डावीकडे वावर, वावरात त्याची मेंढरे. आणि त्यांना बसवायला पुढे जी जी गावे होती, त्या प्रत्येकात एक चावडी होती. तो तसाच उन्हात उभा राहिला. ड्रायव्हरने जीपच्या मागची कनात वर केली आणि विडी पेटवली. त्याला घाई नव्हती.

"आये, कोकरांना सांच्याला पानी दाव," भिकन म्हणाला, आणि जीपमध्ये चढून बसला.

साहेब बाहेर आले. ते नियमाचे पक्के होते.

"राजीखुशीनं ना?"

भिकन बसल्या जागी अर्धवट उठला, कारण साहेबांशी बसून बोलायचे नसते.

"जी," तो म्हणाला.