ऋजुताच्या गळ्यातली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. माझ्या लाकडी चौकटीला वरच्या बाजूला दोन भोकं आहेत. ती मला घडवणाऱ्या सुताराने पाडलेली नाहीत.

देवासच्या बाजारातून बळवंतराव सरांनी मला विकत आणलं. कारखान्यांजवळच्या वसाहतीत ते इंग्रजीची शिकवणी घेत. आपण मराठीत ‘आई चहा करते’ म्हणतो. क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीला ते मध्ये लागतं, ‘मदर मेक्स टी’. मुलं माझ्यावर शब्द लिहीत, पुसत, पुन्हा मांडत. ती दोन वर्षं सुखाची गेली. कुणी पाहुणे आले की सर कौतुकाने सांगत, या पाटीवर कितीतरी मुलं तयार झाली.

पुढे शिकवणीत गर्दी वाढली आणि सरांचा संयम सुटला. एके दिवशी त्यांनी माझ्या चौकटीला भोकं पाडून सुतळी ओवली. ज्याच्या वाक्यातले शब्द चुकतील, त्याचं चुकलेलं वाक्य माझ्यावर लिहायचं, मला त्याच्या गळ्यात अडकवायचं आणि त्याला फाटकाशी उभं करायचं, असा नियम झाला.

सगळ्यांत जास्त वेळा मी ऋजुताच्या गळ्यात होते. अकरा वर्षांची, हिंदी शाळेत जाणारी. घरी मराठी, गल्लीत माळवी. बडबडी इतकी, की फाटकाशी उभी असतानाही रस्त्यावरच्या गाईशी गप्पा मारायची.

एका संध्याकाळी तिचे वडील उमाशंकर कारखान्यातली पाळी संपवून तिथूनच चालले होते. माझ्यावर लिहिलं होतं, ‘मदर टी मेक्स’. मला वाटलं, आता हे मला उतरवतील. तेवढ्यात सर बाहेर आले.

“क्रिया बीच में आती है, एवढंही हिला जमत नाही,” ते म्हणाले.

इंग्रजी येत नाही म्हणून उमाशंकरांची बढती दोनदा हुकली होती. मुलीकडे न बघता ते म्हणाले, “सर, ही पाटी आठ दिवस मला द्या. घरी पण घालतो.”

मग मी जेवणाच्या वेळी तिच्या गळ्यात असे. पाच वाक्यं बिनचूक लिहिल्याशिवाय ताट मिळत नसे. तिची आई नलिनी एकदा मध्ये पडली, तर तिलाही गप्प बसवलं. सहाव्या दिवशी पाचही वाक्यं बरोबर आली. वडिलांनी जिलेबी आणली. ऋजुताने खाल्ली नाही.

ऋजुताला इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं होतं. तिथल्या मुलाखतीहून परतल्यावर नलिनी रडत होती. बाईंनी नुसतं नाव विचारलं, तरी पोर मनातल्या मनात शब्द मांडत राहिली, बोललीच नाही, असं ती सांगत होती. त्यानंतर ऋजुता घरातही बोलेनाशी झाली. पाणी हवं असलं की माठाकडे बोट दाखवी.

एका रविवारी दुपारी उमाशंकर तिच्यासमोर बसले.

“चुकीचं बोल बेटा, पण बोल.”

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

सरांना परत न देता त्यांनी मला माळ्यावर टाकलं. त्याला दोन वर्षं झाली. खाली माणसं तीन आहेत, आवाज दोनच येतात.

मित्रांनो, कुणी चुकलं तर ओलं फडकं घ्या, पुसा, त्याला पुन्हा लिहू द्या. आम्ही पाट्या त्यासाठीच असतो. आम्हाला कुणाच्या गळ्यात घालू नका. ऋजुताचं शेवटचं वाक्य अजून माझ्यावर आहे. त्यातला प्रत्येक शब्द जागच्या जागी आहे.