विजयमालेचं समुद्रफूल

निंगप्पा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाले, त्याच वर्षी त्यांची मुलगी विजयमाला आजारी होऊन मुंबईहून सोलापूरला परत आली. मुंबईत ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. सामानात दोन ट्रंका आणि लोखंडी चौकटीची एक काचेची टाकी होती. टाकीत समुद्राचं पाणी, दोन पट्टेरी मासे आणि दगडाला चिकटलेलं जांभळं समुद्रफूल.

“फूल नाही, अव्वा, प्राणी आहे तो,” तिनं आईला, शांतम्मांना, सांगितलं. “त्याला तोंडसुद्धा आहे.”

शांतम्मांच्या घरात आजवर अंडंही आलं नव्हतं. आता विजयमाला व्हरांड्यात बसून सुकट कुटायची आणि टाकीत चिमूटभर सोडायची. शांतम्मा तेवढ्या वेळात मुद्दाम देवघरात जात.

समुद्राचं पाणी निंगप्पांचे जुने गार्डमित्र मुंबईहून कॅनमधून आणून देत. पंधरवड्याला थोडं पाणी बदलायचं, काचेवरचं शेवाळ ब्लेडनं खरवडायचं, दगडावरचं बोटांनी उपटायचं. बापलेक मिळून हे काम करत. “उजेड आणि उरलेलं अन्न, अप्पा. शेवाळ त्यावरच पोसतं,” ती सांगे. हात थकले की नुसती बघत बसे.

चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात तिच्या अंगावर सूज चढली. मामानं तिला मुंबईच्या इस्पितळात नेलं.

मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. गाड्या थांबल्या, पाणी यायचं थांबलं, पत्रंही रखडली. निंगप्पांनी खिडकीला चादर बांधली, तरी शेवाळ हटेना. सकाळी उपटलं की दोन दिवसांत पुन्हा केसांसारखे हिरवे झुपके. समुद्रफूल त्यात दिसेनासं झालं.

एका सकाळी कारण कळलं. शांतम्मा पदराआड वाटी धरून टाकीपाशी उभ्या होत्या. वाटीत कुटलेली सुकट होती.

“दिवसातून तीनदा घालते,” त्या म्हणाल्या. “तिकडं पोरीच्या पोटात काही जात नसेल. निदान हे तरी उपाशी नकोत.”

निंगप्पांना रागावता आलं नाही. त्यांनी वाटी हळूच काढून घेतली.

त्याच आठवड्यात मोहोळचे रावसाहेब भेटायला आले. दोघांनी पार्सल ऑफिसात वीस वर्षं एकत्र काढली होती. टाकी बघून ते हसले. “हे तर लई सोपं हाय की. चिमूटभर मोरचूद टाका. आमच्या हिरीत आमी दर साली टाकतो.”

निंगप्पांनी टाकलं. चौथ्या दिवशी शेवाळ पांढरं पडून सुटलं, पाणी काचेसारखं झालं. दोघं नवराबायको बराच वेळ त्यापुढं बसली. मासे मजेत फिरत होते. मग समुद्रफुलानं आपले धागे आत ओढून घेतले. दुसऱ्या दिवशी ते दगडावरून सुटलं आणि त्याला वास येऊ लागला.

जूनमध्ये विजयमालेला घरी आणलं. आता करण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ती भिंत धरत टाकीपाशी आली.

“मोरचूद?” तिनं विचारलं.

निंगप्पांनी मान हलवली. “मला ठाऊक नव्हतं गं.”

“मासे तगतात त्यात. फुलासारख्या जिवांना ते विष.” ती भिंत धरतच परत गेली. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी शांतम्मांनी तिच्या उशाशी बसून सुकटीचं सगळं सांगितलं.

“अव्वा, तू सुकट कुटलीस?” विजयमालेला हसू आलं. हसताना धाप लागली, तरी ती हसतच होती. मग तिनं बापाला जवळ बोलावलं. “मीच सांगून जायला हवं होतं, अप्पा.”

श्रावणात ती गेली.

महिन्याभरानं निंगप्पा आणि शांतम्मा दोन्ही मासे कॅनमध्ये घेऊन मुंबईच्या गाडीत बसले. एक मासा दौंडच्या आतच मेला. दुसरा निंगप्पांनी समुद्रात गुडघाभर पाण्यात उतरून सोडला. तो क्षणभर त्यांच्या पायांपाशी घुटमळला, मग गढूळ लाटेत दिसेनासा झाला. शांतम्मा आयुष्यात पहिल्यांदाच समुद्र बघत होत्या. खडकावर बसून त्या मोठ्यानं रडल्या. घरी इतक्या माणसांत त्यांना रडता आलं नव्हतं.

परतीची गाडी पुण्याला आली. मग शांतम्मांनी फडकं सोडलं, भाकरीवर शेंगाचटणी घातली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

“खाऊन घ्या,” त्या म्हणाल्या. “कालपासून उपाशी आहात.”