खाऊच्या पेटीची खंडेनवमी

मी एक जुनी खाऊची पेटी आहे. हसू नका, मित्रांनो! फडताळातल्या डब्यांसारखी साधीसुधी पेटी नव्हे. माझ्या कपाळावरच्या फटीत चार आण्यांचं नाणं टाकायचं, कडेची मूठ फिरवायची, की मी खाली खाऊची पुडी टाकत असे. सातपूरच्या एका कारखान्यात, कॅन्टीनच्या दाराशी माझी जागा होती.

मला घडवलं भिमाजी फिटरनं, १९७६ साली, उरल्यासुरल्या पत्र्यातून. पहिल्याच दिवशी पुडी अडकली, तेव्हा त्यानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि पुडी पडली. झालं! तेव्हापासून ज्याला त्याला मला धपाटे घालायची सवयच लागली.

माझ्या पोटात चिवडा आणि चिक्की भरत लंकाबाई. त्या सातपूर गावातच राहत आणि सगळं घरी करून टोपलीतून आणत. पण त्यांचा खरा हात श्रीखंडाचा. कारखान्यात आपलं श्रीखंड खपावं, ही त्यांची फार दिवसांची हौस होती. ते उन्हात टिकणार कसं? म्हणून १९८१ साली भिमाजीनं भंगारवाल्याकडून जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणला, माझ्या पाठीला जोडला आणि भिंतींत थर्मोकोल भरला. अहाहा! काय गार वाटलं म्हणून सांगू!

पण आठवडाभरात चिवडा सादळला. लंकाबाईंनी एक घास खाल्ला आणि त्या म्हणाल्या, "दादा, ह्यो चिवडा हाय का भिजलेला कागूद?" भिमाजी ओशाळला. मग त्यानं मधे एक फळी बसवली. वर कोरडा खाऊ, खाली गारवा.

त्या वर्षी कॅन्टीनचे व्यवस्थापक चिंतामणराव लंकाबाईंना म्हणाले, "दसऱ्यासाठी साठ डब्या श्रीखंड द्या. खंडेनवमीला चार वाजता कामगार घरी नेतील. चांगलं झालं, तर दर शनिवारचं गोड तुमच्याकडे. बिघडलं, तर मात्र मी डेअरीला सांगणार." लंकाबाईंना आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. अष्टमीच्या संध्याकाळी त्यांनी साठही डब्या माझ्या खालच्या कप्प्यात रचल्या.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांना आंघोळ, हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि दिवसभर सुट्टी. भिमाजी हे फार कडक पाळी. एका वर्षी कुणीतरी हट्टानं त्या दिवशी पत्रा कापायचा प्रेस चालवला, आणि त्यात भिमाजीच्या बोटाचं पेर गेलं होतं. सकाळी आठला तो माझ्याकडे आला. मला पुसलं, हार घातला, नमस्कार केला. "पोरी, वर्षभर राबतीस. आज आराम कर," असं म्हणून त्यानं माझं बटण बंद केलं.

अरे बाबा, नको! मी आतल्या आत ओरडले. पण पत्र्याचं कोण ऐकतो?

ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. अकरा वाजले, बारा वाजले. माझं अंग कोमट होत चाललं आणि डब्यांवरचं दव सुकलं. मला नुसतं रडू येत होतं.

साडेबाराला लंकाबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. कुंकू लावायच्या आधी त्यांनी माझ्या कुशीला हात लावला आणि त्या दचकल्या.

"दादा! हिची घरघर का बंद हाय?"

"खंडेनवमी हाय ना. आज यंत्र चालवायचं नाय."

"आवं, आत माझं श्रीखंड हाय!"

भिमाजीचा चेहरा खर्रकन उतरला. तरी त्याचा हात बटणाकडे जाईना. तो आपल्या तुटक्या बोटाकडे बघत राहिला. "लंकाबाई, आज नाय. मला लय भ्या वाटतं."

लंकाबाई भांडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "दादा, पोळ्याला तुम्ही बैल जुंपत नाय. पण मग त्याची वैरण बंद करता का?"

"छ्या! उलट पुरणपोळी चारतो."

"मग? हिची वैरण म्हंजी वीज. सणाच्या दिवशी तुम्ही हिला उपाशी ठेवलंय!"

भिमाजीनं मला हात जोडले. "चुकलो गं पोरी," म्हणाला आणि बटण दाबलं. मी इतक्या जोरात घरघरले की गळ्यातला हारच घसरला.

चार वाजता चिंतामणरावांनी पहिली डबी उघडली. लंकाबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. रावांनी एक चमचा खाल्ला. दुसरा खाल्ला. मग म्हणाले, "लंकाबाई, येत्या शनिवारी काय करताय?"

लंकाबाई रडल्या हो! आणि रडता रडता त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

पुढची सहा वर्षं दर खंडेनवमीला बाकीच्या यंत्रांना सुट्टी असे. मला हारही मिळे आणि वीजही. मग भिमाजी निवृत्त झाला, कॅन्टीनमध्ये काचेचा नवा फ्रिज आला, आणि मी मागच्या शेडमध्ये आले. आता मला रोजच सुट्टी आहे. मी उपाशी आहे, हे कुणाच्या ध्यानातही नाही.

पण मित्रांनो, भिमाजीचा राग मी कधीच धरला नाही. त्याची माया खरी होती. मला काय हवंय ते बघायचं तेवढं राहून गेलं. तुमच्याही घरात न बोलणारं कुणीतरी असेल. त्याला हार घाला, जरूर घाला. पण त्याआधी एकदा त्याच्या अंगाला हात लावून बघा.