निळ्या रंगाखालची पट्टी

धक्क्याला बांधलेल्या निळ्या बोटीत माणसं दाटीवाटीने बसली होती. मांडीला मांडी, खांद्याला खांदा. ज्यांना आत जागा मिळाली नव्हती ती पायऱ्यांवर आणि धक्क्याच्या दुरुस्तीसाठी आणून टाकलेल्या वाळूच्या पोत्यांवर चढून माना उंचावत होती. बोटीच्या टोकाला एक लाकडी पेटी, पेटीशेजारी बुवा. डोळे मिटलेले, एक हात वर.

“कोणी बोलायचं नाही,” बुवा म्हणाले आणि स्वतः बोलत राहिले. “मन रिकामं करा. केलेलं पाप आठवा. आठवलं? आता सोडा. सोडणारे जितके जास्त, तितका तो लवकर पावतो.”

पाणी हललं, बोट डुलली आणि कोणाचा हात लागलेला नसताना पेटीच्या आतून घंटा वाजली. टण्. मग पुन्हा, टण् टण्.

कोणी हुंदका दिला, कोणी शेजारच्याचा हात घट्ट धरला. मागच्या बाजूला बुवांच्या शिष्याने तळाची एक फळी हलकेच उचलली. खाली पाणी साचलं होतं. तो ते बाटल्यांत भरू लागला. याला तीर्थ म्हणायचं, आणि पोटदुखीपासून परीक्षेपर्यंत सगळ्यावर ते चालायचं.

“रिकाम्या बोटीत एक थेंब नाही,” बुवांनी डोळे उघडले. “भक्त चढले की तळातून तीर्थ येतं. आता विज्ञानवाल्यांनी सांगावं, कुठून येतं ते.”

“खालून,” धक्क्यावरचा चहावाला म्हणाला. पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, कारण तो सगळ्याच गोष्टींवर काहीतरी बोलायचा.

धक्क्यावर एकच खुर्ची होती आणि तीत मावशी बसली होती. ही बोट तिच्या नवऱ्याची. तो गेला, आणि वर्षभराने तिने ती आपल्या बहिणीच्या मुलाला विकली. भाच्याने बोट घेतली, टोकाची पेटी उघडली, आणि आतल्या वस्तू पाहून तो चक्रावला. पेटीत वरून टांगलेली पितळी घंटा. तिच्याखाली पेटीच्या तळातल्या भोकातून वर आलेली एक काठी. तागाच्या जटांसारखा एक पुंजका. काळा चिकट गोळा. बोटभर लांबीच्या लाकडी खुंट्या आणि बोथट धारेची एक छिन्नी. काका तर आयुष्यभर माणसं या तीरावरून त्या तीरावर सोडत आले. हे सगळं कशासाठी, ते त्याला कळेना. त्याने चार लोकांना विचारलं. चौघांनी चाळीस जणांना सांगितलं, आणि आठवड्याच्या आत बुवा हजर झाले.

बुवांना सगळं कळत होतं. मावशीचा नवरा छुपा सिद्धपुरुष होता. जटा त्याच्या गुरूच्या. काळ्या गोळ्यात लोकांची पापं शोषलेली. खुंट्यांनी दिशा बांधायच्या, छिन्नी म्हणजे वाईट नजर कापायचं शस्त्र, ते बुवा कमरेला खोचत. तो गोळा बुवा भक्तांच्या कपाळाला लावत. एका बाईच्या केसांत तो असा अडकला की कात्री आणावी लागली. तेव्हा बुवा म्हणाले, “बघा, पाप किती चिवट असतं.”

मावशीला हे ऐकून पहिल्यांदा हसू आलं होतं. ज्या माणसाला घरातली चप्पल सापडत नसे तो सिद्धपुरुष. पण मग लोक तिला वाकून नमस्कार करू लागले. दूधवाला माप हात सैल सोडून घालू लागला. कोणीतरी खुर्ची आणली. नवरा गेल्यापासून तिला कोणी ‘बस’ असं म्हटलं नव्हतं. ती बसली. आणि एकदा बसल्यावर उठायचं कसं, ते तिला सुचेना.

कारण ती काठी कुठे जाते हे तिला माहीत होतं. नवरा पेटी ठोकत होता तेव्हा कंदील तिनेच धरला होता.

बोटीच्या कडेच्या फळ्यांमधली एक सांध जुनी होती. कितीही बुजवली तरी पावसाळा सरला की पुन्हा उघडायची. ती पाण्याच्या वर होती तोवर काही भीती नव्हती. पण माणसं जास्त झाली की बोट खाली बसायची, सांध पाण्यात जायची आणि गळती सुरू. म्हणून नवऱ्याने बाहेरून सांधेच्या खाली एक लाल पट्टी ओढली होती. पट्टी बुडाली की माणसं घेणं बंद. मग समोरचा भांडो, हात जोडो, कोणी का असेना. आणि नजर चुकलीच तर ती घंटा.

विकायच्या आधी मावशीने बोटीला निळा रंग दिला. बोट दिसायला बरी दिसावी म्हणून, असं ती स्वतःला सांगत होती. पट्टीवर ब्रश फिरवताना तिचा हात जरा थांबला होता. लाल पट्टी पाहिली की गिऱ्हाईक विचारणार, ही कशाला? आणि तिला घराच्या छपराची घाई होती. गिऱ्हाईक म्हणून आपलाच भाचा दारात उभा राहील हे तेव्हा तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आला तेव्हा मात्र सांगता आलं असतं. ती चहा टाकायला आत गेली आणि साखर शोधत बसली.

आता छपर गळत नव्हतं. पण पाऊस पडला की मावशीला झोप लागत नसे.

त्या दिवशी बोटीवरची गर्दी पांगल्यावर दुपारी भाचा मावशीच्या घरी आला, पाय न धुताच स्वयंपाकघरात शिरला.

“मावशी, रविवारी बोट पलीकडे न्यायची. पूर्ण भरून. बुवा म्हणाले, भर पाण्यात घंटा वाजली की सगळ्यांचं सोनं होणार. वाजत असताना कोणी जागचं हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत.”

मावशीच्या हातातली पळी भांड्यात पडली. “आणि तू?”

“मी वल्ह्यावर. ही पुढे बसणार, पेटीला टेकून. बाळाला चांगलं म्हणे.”

त्याच्या बायकोला सातवा महिना होता.

“तिला नको नेऊस.”

“का?”

मावशीने तोंड उघडलं. भाचा वाट पाहत होता, लहानपणी गोष्ट ऐकताना पाहायचा तसा.

“ऊन लागेल,” ती म्हणाली.

“छत्री देतो तिला,” तो म्हणाला आणि पातेल्यात डोकावून निघून गेला.

रविवारी मावशी खुर्चीत बसली नाही. माणसं चढायला लागायच्या आधीच ती धक्क्यावरून बोटीत उतरायच्या फळीवर जाऊन उभी राहिली. खाली बोटीत बुवा, शिष्य, भाचा आणि पोटावर हात ठेवून बसलेली सूनबाई.

“आई, बाजूला व्हा,” बुवा गोड आवाजात म्हणाले. “भक्तांचा खोळंबा होतोय.”

“होऊ दे. आज आधी वाळू चढवा.”

“काय?”

“ती पोती. माणसांच्या जागी एकेक पोतं ठेवा. घंटा वाजते का बघू.”

“आई, वाळूला मन नसतं,” बुवा हसले. “पाप नसतं.”

“मग वाजणार नाही. तुम्हाला कसली भीती?”

चहावाल्याने सर्वांत आधी पोतं उचललं. मग धक्क्यावरची तरणी मुलं पुढे आली. भाच्याला काही कळत नव्हतं, पण मावशीचा चेहरा पाहून त्याने बायकोला हात देऊन वर घेतलं आणि पोती रचायला लागला. बुवा म्हणाले, हा सिद्धपुरुषाचा अपमान आहे. ते पेटीला पाठ लावून बसून राहिले. बोट हळूहळू खाली बसत गेली.

पुढे काही होईना. लोक कुजबुजू लागले. कोणी म्हणालं, नवऱ्याच्या दुःखात म्हातारी भ्रमिष्ट झाली.

टण्.

बुवांच्या पाठीमागेच वाजली. ते दचकून बाजूला झाले.

“अरेच्चा,” चहावाला म्हणाला. “वाळूचीसुद्धा पापं फिटली.”

मावशी बोटीत उतरली. तिने पेटीजवळच्या फळ्या उचलायला लावल्या. खाली पाणी चढत होतं. त्यावर एक झाळून बंद केलेला रिकामा पत्र्याचा डबा तरंगत होता, आणि डब्याला ती काठी बसवलेली होती.

“पाणी वाढलं की डबा वर येतो. डबा वर आला की काठी वर. बोट डुलली की काठी घंटेला लागते,” ती म्हणाली. “ही देवाची हाक नाही. पाणी शिरतंय, माणसं उतरवा, एवढंच ती सांगते. जटा म्हणजे सांधेत ठोकायचा ताग. गोळा डांबर आणि मेणाचा, त्यावरून फासायला. खुंट्या भोक बुजवायला. तुम्ही बाटल्यांतून प्यालात ते या नदीचंच पाणी, त्यात आपल्या सगळ्यांच्या पायांची माती.”

पायऱ्यांवर कोणीतरी थुंकलं. बुवा शिष्याला घेऊन वर चढायच्या घाईत होते. मावशीने त्यांच्या कमरेची छिन्नी काढून घेतली, पोती उतरवायला लावली आणि बोट वर आल्यावर धक्क्याच्या पायरीवर बसून कडेचा निळा रंग खरवडायला लागली. निळ्याच्या पापुद्र्याखालून लाल पट्टी निघाली.

भाचा तिच्यामागे उभा होता.

“ही कोणी झाकली?” त्याने विचारलं. त्याला उत्तर कळलं होतं.

“मी.”

“मी विचारलं असतं तर सांगितलं असतंस?”

मावशी खरवडत राहिली. “नसतं सांगितलं.”

“आणि आज ही इथे बसली होती,” तो एवढंच म्हणाला. त्याने बायकोची छत्री उचलली आणि दोघं निघून गेली.

बोट काठावर ओढली. भाच्याने तोच ताग सांधेत ठोकला, तोच गोळा वितळवून वरून फासला. रोज मावशी त्याच्यासाठी जेवणाचा डबा घेऊन जायची आणि पायरीवर ठेवून यायची. डबा रिकामा परत मिळायचा, बोलणं मिळायचं नाही. पट्टी तिने स्वतः रंगवली, पोटावर पालथी पडून, चष्मा घसरत असताना. शेवटच्या दिवशी भाच्याने मागे उभं राहून ती बराच वेळ पाहिली.

“वाकडी आलीय,” तो म्हणाला.

“दिसते ना?”

“दिसते.”

मग त्याने डबा तिथेच उघडला आणि तिच्याशेजारी बसून खाल्ला.

पेटीच्या झाकणावर आता ठळक अक्षरं आहेत. मावशीनेच लिहिली आहेत आणि तीही वाकडीच आहेत. बोटीत चढणारा प्रत्येक जण ती वाचतो: घंटा वाजली तर हात जोडू नका. फळी उचलून बघा.