तिळूचा तीळ

मी एक जुना ब्रश आहे. तुमच्या चित्रकलेच्या पेटीतला नव्हे, मित्रांनो. ते भाऊबंद माझ्यापुढे झाडूच म्हणायचे. मी फोटो स्टुडिओतला ब्रश. माझ्या टोकाला चिमूटभरही केस नाहीत, पण ओले झाले की ते सुईसारखे एकत्र येतात. मला बांधणाऱ्या कारागिराने मला डोळ्यांसमोर धरून बराच वेळ पाहिले होते. तेवढ्या कौतुकाने माझ्याकडे पुन्हा फारसे कुणी पाहिले नाही.

स्टुडिओच्या मालकांना सगळे काका म्हणतात. त्या काळी फोटो अंधाऱ्या खोलीत धुतले जात. फिल्मवर धुळीचा कण बसला, की कागदावर पांढरा ठिपका उमटे. कधी आजीच्या गालावर, कधी नवरदेवाच्या नाकाच्या शेंड्यावर. मग काका मला ओठांत धरून टोक काढत, अंगठ्याच्या नखावर करडा रंग जुळवत आणि तो ठिपका हलकेच भरून टाकत. नवरदेवाचे नाक स्वच्छ होई. लोक म्हणत, "काका, तुमच्या हातात जादू आहे." हात काकांचा होता, हे मान्य, पण टोक माझे होते. ते कुणी बोलले नाही. तेव्हापासून मी जरा चिडकाच आहे.

पुढे संगणक आला आणि त्याच्यापुढे काकांची पुतणी बसू लागली. पडद्याच्या कडेला बारीक चित्रांची रांग होती आणि त्यात एक ब्रश होता. मला वाटले, माझाच फोटो लावलाय. मी फुशारून गेलो. तेवढ्यात पुतणीने त्या चित्रावर माउस दाबला, एका मुलाच्या कपाळावरून फिरवला आणि तिथली पुटकुळी नाहीशी झाली. पाणी नाही, रंग नाही, वाळायची वाट पाहणे नाही. गिऱ्हाईक म्हणाले, "वा, काय सफाई आहे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याच्या अंगावर एक केस नाही, तो टकला स्वतःला ब्रश म्हणवतो!

मला पेनांच्या डब्यात टाकण्यात आले. केस खाली, दांडा वर. एकदा पुतणीने माझ्याकडून कीबोर्डमधला बिस्किटाचा चुरा काढून घेतला. समोर पडद्यावर तो ऐटीत बसलेला. मला ते फार लागले.

मग एका सकाळी आई-बाबांबरोबर जुळ्या बहिणी आल्या. आदल्या दिवशीच त्यांचा फोटो काढला होता. सारखे फ्रॉक, सारखे केस, सारखे चेहरे. एकीच्या हनुवटीवर तीळ होता, म्हणून तिला घरी तिळू म्हणत. दुसरी तिच्याहून जरा आधी जन्मलेली, म्हणून ती ताई. त्यांचे बाबा जहाजावर कामाला होते आणि आता बऱ्याच महिन्यांसाठी निघाले होते. जहाजावरच्या खोलीत लावायला त्यांना मोठा फोटो हवा होता. बाहेर टॅक्सी उभी होती.

पुतणीने प्रिंटरमध्ये जाड कागद घातला आणि बटण दाबले. फोटो हळूहळू बाहेर आला. तिळूने तो पाहिला आणि तिचे तोंड उतरले.

"ताई दोनदा आलीये," ती म्हणाली. "मी कुठंय?"

"अगं वेडे, ही काय तू." आईने डावीकडे बोट ठेवले.

"ती ताई आहे."

आईचे बोट उजवीकडे सरकले, मग मध्येच थांबले. पुतणीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"काका, मी डाग समजून पुसला तो तीळ. आणि त्याच फोटोवर सेव्ह केलं."

"मूळ फोटो?"

"कॅमेऱ्याचं कार्डही रिकामं केलंय. आणि मोठा कागद हा शेवटचाच होता. नवे उद्या येतील."

"असू द्या," बाबा म्हणाले. "मी ओळखतो हो माझ्या लेकीला."

"आईला पण नाही ओळखता आलं," तिळू म्हणाली आणि रडू लागली. "तिकडे तुम्ही मला कसं शोधणार?"

खरे सांगू का? मला आतून गुदगुल्या होत होत्या. पडद्यावरच्या त्या टकल्याची फजिती मी डोळे भरून पाहत होतो. पण तिळूचे हुंदके ऐकले आणि माझा आनंद ओसरला.

काकांनी मला डब्यातून उचलले. त्यांचा हात आता थरथरतो. त्यांनी मला पुतणीपुढे धरले, तर तिने हात मागे घेतला. "तीळ चुकीच्या चेहऱ्यावर पडला तर?" ती म्हणाली.

काकांनी तिळूला विचारले, "यातली तू कुठली?"

"ही. फोटो काढताना मी श्वास रोखला होता."

सगळे वाकले. खरेच, उजवीकडच्या मुलीचे खांदे जरा वर उचललेले होते.

"मीच काढते," तिळू म्हणाली.

काकांनी बाबांकडे पाहिले. "काढू दे तिला," बाबा म्हणाले.

कितीतरी वर्षांनी काकांनी मला ओठांत धरले आणि नखावर तपकिरी रंग जुळवला. तिळूने मला मुठीत घेतले, पुन्हा श्वास रोखला आणि मला कागदावर टेकवले. तीळ खऱ्यापेक्षा जरा मोठाच झाला.

"आता तर लांबूनही दिसशील," बाबा म्हणाले.

एकदम ताईने मला तिळूच्या हातातून ओढले आणि फोटोत नव्हे, स्वतःच्या हनुवटीवर एक ठिपका काढला. "मला पण हवा," ती म्हणाली. तिची ती नजर मी लगेच ओळखली. मी रोज पडद्याकडे तसाच पाहतो.

तिळूने फ्रॉकचे टोक थुंकीने ओले केले आणि बहिणीची हनुवटी पुसली. "तुला नको. तू अशीच ताई आहेस. बाबा तुला असंच ओळखतात." ताईने हनुवटी पुढे केली. मग टॅक्सी गेली.

त्या दिवशी पुतणीने मला धुतले, टोक काढून आडवे ठेवले. आता ती मूळ फोटो वेगळा जपते, आणि माउस हातात घेण्याआधी समोरच्या माणसाला विचारते, "हे राहू द्यायचं की काढायचं?" तुम्हीही विचारा, मित्रांनो. आणि घरात एखादा जुना ब्रश असेल तर त्याला डोक्यावर उभे करू नका, फार दुखते.

माझा मत्सर गेला, असे मी म्हणणार नाही. तो टकला अजून दिवसभर कामात असतो आणि माझ्या पोटात अजून दुखते. पण दूर कुठल्यातरी जहाजावर, एका छोट्या खोलीत, एक बाप त्या तपकिरी ठिपक्याकडे पाहून आपल्या लेकीला हाक मारत असेल. हात तिळूचा होता, हे मान्य. पण टोक माझे होते.