देवमासा वर, टेकोडे खाली

मित्रांनो, बाळापूरकडच्या एका खेड्यातल्या शाळेत भिंतीला टांगलेला जुना तक्ता, तो मी. इंग्रजांच्या राज्यात मुंबईला छापला गेलो, आगगाडीने अकोल्याला आलो आणि तिथून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत इथे. माझ्या वरच्या भागात निळ्या समुद्रात देवमासा आहे. खाली रानातली विषारी अळंबी, पांढरीशुभ्र, करंगळीएवढी. आमच्या वऱ्हाडात अळंबीला टेकोडे म्हणतात.

वामनराव मास्तरांचा माझ्यावर फार जीव. भिंत बुटकी, मी लांब. सारवणाचे शिंतोडे उडतील म्हणून ते माझा खालचा भाग कायम गुंडाळून दोरीने बांधत. पोरांना दिसे तो फक्त देवमासा. त्याला पाहून लहानगी तर भोकाड पसरत! आता सांगा, समुद्रातलं ते धूड इथल्या कुणाचा केस तरी वाकडा करणार होतं का? टेकोडे मात्र शाळेमागेच उगवत होते.

भाजीवाल्या मनकर्णाबाईंची कौशल्या धीट होती. डिप्टीसाहेब तपासणीला आले त्या दिवशी ती ओच्यात पांढरे टेकोडे घेऊन आली.

"मास्तर, शायेमांगच्या रानात सापडले. खाल्ले तं चालते काय?"

"ते राहू दे आता. देवमासा पाठ आहे ना?"

मी कळवळलो. तिच्या ओच्यात होतं तेच माझ्या गुंडाळीत होतं. पण तक्त्याला तोंड कुठे असतं?

साहेबांपुढे कौशल्या घडाघडा बोलली. देवमासा हा मासा नाही, तो हवेत श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो. साहेब "शाबास" म्हणाले. पोरगी हरखून टेकोडे घेऊन घरी पळाली.

काही दिवसांनी मनकर्णाबाई एकट्याच आल्या.

"पोरगी गेली, मास्तर. टेकोडे खाऊन गेली."

मास्तरांनी माझी दोरी सोडली. बाईंना अक्षरओळख नव्हती, पण चित्र पाहताच त्यांनी टेकोड्यांवर बोट ठेवलं.

"हेच व्हते. म्या माह्या हातानं रांधून घातले. हे काहून गुंडायून ठेवलं तुमी?"

"खराब होऊ नये म्हणून," मास्तर म्हणाले आणि ढसाढसा रडू लागले.

"कागद तं चांगला रायला, मास्तर. माही कौशी नाई रायली."

मित्रांनो, माझा खालचा भाग आजही नवाकोरा आहे आणि त्याची मला लाज वाटते. मला उघडा. बोटं लावा, शेण उडू द्या. फाटलो तर फाटलो.